सरळ म्हणजे आपल्याकडे

माझ्या तोंडात सध्या एकच शब्द शिल्लक आहे, आणि तो आहे ‘उलटी’. चांगला शब्द उरायलासुद्धा नशीब लागतं. पाणी हवं असलं तरी उलटी, पंखा बंद करायचा असला तरी उलटी, आणि शेजारचे भेटायला आले की त्यांना ‘या, बसा’ म्हणायला जावं तरीही उलटी. शेजारचे हल्ली फार वेळ बसत नाहीत.

आत, डोक्यात, सगळं जागच्या जागी आहे. जन्मभर मी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडाचा पट्टा चालू: आरसा बघा, क्लच सोडा, हळू, हळू म्हटलं ना मी. शिकणारा गडबडला तर माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक असायचा. आधी तो दाबायचा, मग बोलायचं, अशी माझी पद्धत. दुसऱ्या झटक्यात उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं, पण सवय राहिली आहे. घरात कुणी काही चुकीचं करताना दिसलं की माझा उजवा पाय ब्रेक शोधतो. शोधतो असं मला वाटतं. चादर काही हलत नाही.

माझ्या पलंगाशेजारी खिडकी आहे आणि खिडकीबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझी गाडी उभी आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतली, इटलीत बनलेली, लालभडक स्पोर्ट्स बाइक. मी ती सेकंडहँड घेतली तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते आणि बायकोने त्यापायी माझ्याशी अबोला धरला होता. अबोला सुटला, पण गाडीचं नाव ‘महाराणी’ पडलं ते पडलंच. “महाराणींची अंघोळ झाली असेल तर जेवायला या,” असं ती मला दारातून सांगायची.

महाराणीचे नखरेही तसेच होते. हँडल इतकं खाली की लोटांगण घातल्यासारखं बसावं लागे. दोन्ही सायलेन्सर शेपटीखाली, त्यामुळे सिग्नलला थांबलं की बूड भाजून निघे. क्लच दाबला की खिळ्यांनी भरलेला डबा हलवावा तसा खडखडाट व्हायचा आणि रस्त्यावरची भली माणसं मला थांबवून सांगायची की गाडीचं काहीतरी सुटलंय. मी म्हणायचो, तिचा आवाज असाच असतो. पण रिकामा रस्ता मिळाला आणि ती एकदा तापली, की दिवसभर शिकाऊ लोकांच्या गाडीत जीव मुठीत धरून बसलेला माणूस मी उरत नसे. मला तेव्हा कशाचीच भीती वाटायची नाही. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगायची सोय राहिलेली नाही.

या गाडीची एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. बाकीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटतात. हिच्यात ते उघडायला एक दांडी आणि मिटायला दुसरी, आणि हा सगळा पसारा फिरतो दोन दातेरी रबरी पट्ट्यांवर. पट्टा दातांवरून सरकला, की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच वेळी एकाच जागी येतात. मग इंजिन आतल्या आत स्वतःचंच डोकं फोडून घेतं.

माझ्या गाडीचे पट्टे जुने होऊन सैल पडले होते. नवे आणून मी कपाटात ठेवलेही होते. ते बदलायच्या आधीच मला पहिला झटका आला. तो तसा दयाळू होता. तोंड जरासं वाकडं झालं, हाताला मुंग्या आल्या, पण बोलता येत होतं. डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि बायकोने गाडीची किल्ली लपवली. तेव्हा मी ताईला बोलावून घेतलं.

ताई माझी थोरली बहीण. मागच्या गल्लीत राहते, शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाची पँट कमरेत सैल करायची असेल तर तीही. गळ्यात मोजायची टेप कायम, अगदी कुणाच्या मयतीला गेली तरी विसरून गळ्यातच. महाराणीला धूळ लागू नये म्हणून ताईने तिला जाड कापडाचं झाकण शिवलं होतं, आतून मऊ अस्तर लावून, आरशांना वेगळे कप्पे करून. माझ्या लग्नातल्या कोटासाठीही तिने एवढी मेहनत घेतली नव्हती.

“प्लग काढून ठेवलेत,” मी तिला समजावलं. “गाडी मागच्या स्टँडवर आहे, मागचं चाक अधांतरी आहे, गिअर टाकून ठेवलाय. दर शनिवारी येऊन ते चाक हाताने जरा फिरवायचं. चाक फिरलं की इंजिन फिरतं. नाहीतर पट्टे एकाच जागी बसून वाकडे होतात.”

“मशीनचंही तसंच असतं. वापरात नसलं की रुसतं,” ताई म्हणाली.

“फक्त सरळ फिरव. उलटं अजिबात नाही.”

“मला शिकवतोस? अरे, जन्म गेला माझा चाक सरळ फिरवण्यात. उलटं फिरवलं की दोरा तुटतो, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते.”

मी निश्चिंत झालो. काम अगदी योग्य माणसाच्या हाती गेलं असं मला वाटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला, आणि तो दयाळू नव्हता.

इस्पितळातून घरी आणल्यावर माझा पलंग खिडकीशी लावण्यात आला. गाडी डोळ्यांसमोर राहिली की मला उभारी येईल, ही ताईचीच कल्पना. शनिवारी ती आली. झाकण काढलं, चारी टोकं जुळवून त्याची घडी घातली, बसायला बुटकं स्टूल घेतलं आणि गाडीच्या मागे बसली. टायरवर वरून तळवा ठेवला आणि चाक स्वतःकडे ओढलं. पुन्हा वर तळवा, पुन्हा स्वतःकडे. मन लावून, एका लयीत, ओठांत काहीतरी गुणगुणत.

शिलाई मशीनचं चाक नेहमी आपल्याकडे फिरवतात. पलीकडे ढकललं की दोरा गुंततो. ताईच्या हाताला जन्मभर सरळ म्हणजे आपल्याकडे. आणि ती बसली होती गाडीच्या मागे.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अगं बाई, उलटं फिरवतेयस, उलटं, असं मी जिवाच्या आकांताने ओरडलो. इतके दिवस माझ्या तोंडून अवाक्षर फुटलं नव्हतं. त्या क्षणी फुटलं. सगळ्या वाक्यातून एवढंच बाहेर आलं:

“उलटी.”

बायकोच्या हातातला पेला खाली पडला. “ताई, हे बोलले,” ती म्हणाली आणि खिडकीला धरून रडायला लागली. ताई टायर सोडून धावत आली, माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली, आणि त्या हाताला माझ्याच टायरचा वास येत होता. मुलीला फोन गेला. बाबा बोलले. काय बोलले? उलटी म्हणाले. मग दोघी एकदम भानावर आल्या आणि बायकोने निळं तसराळं आणून माझ्या हनुवटीखाली धरलं.

त्या दिवसापासून ते तसराळं माझ्या पलंगाखाली आहे. दुसरा शब्द काही आला नाही. पुढच्या शनिवारी मी पुन्हा ओरडलो, पुन्हा तसराळं. मग मी डोकं चालवलं. डावा हात धड होता. बोट वर करून मी हवेत चाक काढून दाखवलं, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने.

“अगंबाई, गरगरतंय त्यांना,” बायको म्हणाली.

डॉक्टरांनी मळमळीच्या गोळीसोबत चक्करेची गोळीही सुरू केली. दोन्ही गोळ्यांनी झोप येते. शनिवारीच जास्त होतं, हे बायकोच्या चाणाक्ष नजरेतून सुटलं नाही. नक्कीच पेट्रोलचा वास बाधतो. म्हणून शनिवारची गोळी ताई यायच्या आधी द्यायची आणि खिडकी लावून पडदा ओढायचा, असं ठरलं. माझ्या बायकोसारखी सेवा करणारी बाई दुसऱ्या घरात सापडायची नाही. तिने माझी पुरती नाकाबंदी केली.

लिहून दाखवावं तर पेन्सिलीतून नुसती गांडुळं निघायची. मान हलवावी तर तिचा भरवसा नाही. मला नाही म्हणायचं असतं आणि मान हो म्हणून मोकळी होते. व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने घरच्यांना तसं सांगूनच ठेवलंय, की काकांच्या हो-नाहीवर जाऊ नका. ती मुलगी रोज माझ्यासमोर बसून ओठांचा चंबू करते आणि म्हणते, श्वास घ्या, शब्द जिभेवर ठेवा, मग सोडा. मी घेतो, ठेवतो, सोडतो. उलटी.

पडद्याआडून मला आता फक्त आवाज यायचा. स्टुलाचे पाय फरशीवर घासायचे, मग ताईचं गुणगुणणं, आणि इंजिनाच्या आतली ओली, जड कुजबुज. एका शनिवारी त्या कुजबुजीत वेगळाच आवाज आला. टक्. जुनं बटण तुटावं तेवढाच. ताईचं गुणगुणणं थांबलंही नाही. थोड्या वेळाने पुन्हा टक्.

पट्टा सरकला होता. सैल पट्टा सरळ फिरताना कसाबसा जागा धरून राहतो, उलटा ओढला की दातांवरून उडी मारतो. मी गोळीच्या गुंगीत पडल्या पडल्या ताईला इतक्या शिव्या घातल्या की तोंडातून निघाल्या असत्या तर तिने पुन्हा उंबरठा ओलांडला नसता. आडमुठी, दीडशहाणी, जन्मात कुणाचं ऐकलं नाही. लहानपणी मला आंघोळ घालतानाही पाणी कढत आहे म्हटलं तर म्हणायची, गप बस, मला कळतं.

मग मनाची समजूत घातली. हाताने हळू फिरवताना अजून काही बिघडलेलं नाही. फक्त कुणी इंजिन चालू करता कामा नये. बटण दाबलं, इंजिन वेगाने फिरलं, की संपलं. पण बटण दाबणार कोण? बायको गाडीला शिवत नाही, ताईला चालू करता येत नाही. चालू न करता ती वर्षानुवर्षं तशीच उभी राहिली तरी चालेल, मी बरा होईन तेव्हा बघू. मी बरा होईन, हे मी तेव्हा अगदी सहज धरून चाललो होतो.

आणि मग आमची कन्या आली.

ती लांब राहते, वर्षातून एकदा येते, आणि आली की घरात काहीतरी सुधारणा करून जाते. मागच्या खेपेला नळ बदलले होते. या खेपेला मी होतो. व्यायामवाल्या मुलीने तिला सांगितलं की ओळखीचे, आवडीचे आवाज कानावर पडले तर कधी कधी अडकलेले शब्द मोकळे होतात.

“मग गाडीच चालू करूया ना,” कन्या म्हणाली. “बाबांना त्याहून आवडीचा आवाज कुठला?”

“उलटी,” मी म्हणालो.

“बघ, विषय काढल्याबरोबर बोलले,” ती म्हणाली.

मेकॅनिक दुसऱ्याच दिवशी सकाळी आला. माझाच जुना विद्यार्थी, माझ्याकडेच गाडी शिकला. हाताने चांगला, स्वभावाने भिडस्त. त्याने माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. मला चाकाच्या खुर्चीत बसवून शेडमध्ये आणलं, उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊ नये म्हणून ताईने स्वतः खुर्ची वळवली. सगळे नवे कपडे घातल्यासारखे आनंदात होते. बायकोसुद्धा पदराने महाराणीची टाकी पुसत होती. तिला गाडीला हात लावताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मला अजून आशा होती. मेकॅनिक आहे, तो पट्टे बघेल. त्याने जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं, तेल पाहिलं, बॅटरी जोडली. मग वाकून बाजूच्या लाल कवचावर बोट वाजवलं.

“पट्टे एकदा बघायला हवे होते. पण हे सगळं उघडून, नीट तपासून पुन्हा बसवायचं म्हणजे दिवस जाईल.”

“मला तर संध्याकाळी निघायचंय,” कन्या म्हणाली. “आणि आपल्याला फक्त मिनिटभर आवाज ऐकवायचाय.”

तो घुटमळला. “मधल्या काळात इंजिन फिरवलंय का कुणी?”

“मी,” ताई पुढे होऊन म्हणाली. “एक शनिवार चुकवला नाही.”

“सरळच फिरवलं ना?”

“सरळच. त्याने मला बजावून सांगितलं होतं.”

“मग हरकत नाही,” मेकॅनिक म्हणाला आणि प्लग बसवायला लागला.

“उलटी,” मी ओरडलो. “उलटी. उलटी.”

“आणते, आणते,” बायको म्हणाली आणि आतून तसराळं घेऊन आली.

माझा डावा हात मेकॅनिकच्या बाहीपर्यंत पोचला. मी ती मुठीत धरली आणि ओढली. सगळी ताकद लावली. त्याने माझ्याकडे वळून पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

“सरांना माझ्याहून घाई झालीय,” तो म्हणाला आणि माझी बोटं एकेक करून हळूच सोडवली.

ताईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आता बघ कशी बोलते ती,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “मग तूही बोलशील. मी शनिवारी शनिवारी हेच मागत होते तिच्याकडे.” कन्येने मोबाईल समोर धरला. माझा उजवा पाय ब्रेक शोधत होता. मेकॅनिकने बटण दाबलं.

इंजिन फिरलं, एकदा खोकलं, आणि आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मेकॅनिकने पुन्हा बटण दाबलं नाही. त्याने चाकाला हात घालून पाहिलं, चाक हललं नाही. शेवटी त्याने लाल कवच सोडवलं, आतलं झाकण काढलं आणि वाकून आत टॉर्च मारला.

“काय झालं?” कन्येने विचारलं.

“पट्टा सरकलाय. व्हॉल्व्ह गेले असणार, पिस्टनही.” तो उभा राहिला, चिंधीला हात पुसत राहिला. “उभ्या गाडीत असा सरकत नाही तो.” मग ताईकडे वळून, अगदी हळू आवाजात, “आत्या, चाक सरळच फिरवायचात ना?”

“सरळच की. हे असं,” ताई म्हणाली. बुटकं स्टूल ओढून ती गाडीमागे बसली, टायरवर वरून तळवा ठेवला आणि हात स्वतःकडे ओढून दाखवला.

मेकॅनिक तिच्या हाताकडे पाहत राहिला. तो काही बोलला नसता तर बरं झालं असतं, पण कन्या त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि बायकोही.

“गाडीच्या बाजूने पाहिलं तर,” तो म्हणाला, “हे उलटं झालं.”

तो शब्द मी इतक्या वेळा बोललो होतो, पण घरात तो ऐकू आला आत्ता. बायकोने माझ्याकडे पाहिलं. कन्येचा मोबाईल खाली आला. ताईचा तळवा टायरवरच होता. तिने तो उचलला, उलटासुलटा करून पाहिला, आणि मग ती उठली. येताना तिच्या गळ्यातली टेप खाली पडली, ती तिने उचलली नाही. माझ्या खुर्चीपुढे ती फरशीवरच बसली.

“तू तेच सांगत होतास?” तिने विचारलं. “पहिल्या दिवसापासून?”

इतके शनिवार मी या क्षणाची वाट पाहत होतो. हिला एकदा कळू दे, मग बघतो, असं घोकत पडून राहिलो होतो. आता राग शोधायला गेलो तर तो सापडेना. समोर माझी थोरली बहीण बसली होती, सुयांनी टोचून टोचून खरखरीत झालेल्या बोटांना टायरचं काळं लागलेलं, आणि तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. गाडी गेली ती गेली. तिने बिचारीने मी सांगितलं तसंच केलं होतं. मला तिला सांगायचं होतं, नाही गं ताई, तसलं काही नाही. मला खरंच मळमळत होतं. पेट्रोलचा वास बाधतो मला. तू कुठे मनाला लावून घेतेस?

तेवढं एक खोटं मला बोलू द्यावं, एवढंच माझं मागणं होतं. व्यायामवाल्या मुलीने शिकवल्याप्रमाणे मी श्वास घेतला. शब्द जिभेवर ठेवला. मान हलवली, ती कुठल्या बाजूला हलली कोण जाणे. सगळे माझ्या ओठांकडे बघत होते.

“उलटी,” मी म्हणालो.

इतका स्वच्छ तो याआधी कधी आला नव्हता. मी घाईघाईने डाव्या हाताने बायकोच्या पायाशी ठेवलेल्या तसराळ्याकडे बोट केलं. पुन्हा म्हणालो, पुन्हा बोट केलं. आज मला तोच अर्थ हवा होता, जो त्यांनी इतके दिवस घेतला. ताईने डोळे मिटले आणि माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. बायको तसराळ्याशेजारीच उभी होती. तिने ते उचललं नाही.